जस्त, मोरचूद आणि संक्रांतीचे सुगड : रासायनिक ऊर्जा दोन वाटांनी कशी मोजावी

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात जस्ताची भुकटी टाकली, की निळा रंग फिका होत जातो, तळाशी तांबूस-तपकिरी गाळ बसतो आणि भांडे हाताला कोमट लागते. शाळेत हा प्रयोग विस्थापन अभिक्रिया म्हणून दाखवतात. रंग बदलल्याची नोंद वहीत होते, कोमटपणाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. येथे त्या कोमटपणाचाच पाठपुरावा करायचा आहे. ही अभिक्रिया आधी कपात घडवून तिची ऊर्जा तापमापकाने मोजायची, नंतर जस्त आणि मोरचूद यांना एकमेकांपासून दूर ठेवून तीच ऊर्जा तारेतून बाहेर काढायची आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहायचे, असा क्रम आहे. हीच युक्ती हायड्रोजनच्या ज्वलनाला लावली की इंधन घट होतो, आणि त्याचे अगदी साधे रूप शिसपेन्सिलींनीही करता येते.

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकू येते की ते खरेच वाटू लागते, पण वस्तुस्थिती उलट आहे. बंध तोडण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते आणि नवा बंध जुळताना ती बाहेर पडते. हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते तेव्हाचा हिशेब पाहा. (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, फार मोठी संख्या.) हायड्रोजनच्या दोन मोल रेणूंमधील बंध तोडण्यास प्रत्येकी ४३६ प्रमाणे ८७२ किलोज्यूल आणि ऑक्सिजनच्या एका मोलातील बंध तोडण्यास सुमारे ४९८ किलोज्यूल, असे एकूण १३७० किलोज्यूल खर्ची पडतात. त्यातून पाण्याचे दोन मोल रेणू तयार होताना ऑक्सिजन-हायड्रोजन असे चार मोल बंध जुळतात आणि प्रत्येकी ४६३ प्रमाणे १८५२ किलोज्यूल परत मिळतात. खर्चापेक्षा जमा ४८२ ने जास्त झाली, म्हणून ही अभिक्रिया उष्मादायी ठरली. जमेपेक्षा खर्च जास्त झाला असता तर ती उष्माग्राही ठरली असती. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून त्यात खाण्याचा सोडा टाकल्यास फेस येतो आणि पाणी स्पष्टपणे गार होते. उष्माग्राही अभिक्रियेचा हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक नमुना होय. उष्मादायी अभिक्रियेचा नमुना म्हणून कळीच्या चुन्यावर पाणी ओतून दाखवण्याची पद्धत जुनी असली, तरी उकळता चुना डोळ्यांत उडून कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे मुलांच्या हाती तो प्रयोग देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साहित्याची जुळवाजुळव

मोरचूद कृषी सेवा केंद्रात मिळते, कारण द्राक्षबागेवर आणि सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात तेच लागते. झिंक सल्फेटही सूक्ष्म अन्नद्रव्याचे खत म्हणून तेथेच मिळते. जस्ताची भुकटी आणि जस्ताची पट्टी शालेय प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून घ्यावी. जुने सेल फोडून जस्त काढण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण अल्कलाईन आणि लिथियमचे सेल फोडणे धोक्याचे आहे आणि बाहेरून कोणता सेल कोणत्या जातीचा हे नवख्याला ओळखता येत नाही. म्हणून तो मार्ग सोडून द्यावा. तांब्याची जाड तार विद्युत साहित्याच्या दुकानात मिळते. तिचे आवरण काढून ती काचकागदाने घासून घ्यावी. याखेरीज एक मल्टिमीटर, ग्रॅमच्या दशांशापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि ० ते ११० अंश सेल्सिअसचा प्रयोगशाळेतील तापमापक हवा. तापाचा तापमापक येथे उपयोगाचा नाही, कारण तो माणसाच्या शरीराच्या तापमानापुरताच आकडे दाखवतो. शेवटची वस्तू म्हणजे संक्रांतीचे सुगड. ते रंग न लावलेले, झिलई नसलेल्या तांबड्या मातीचे आणि मिळेल तितके लहान असावे. ते कशासाठी, हे पुढे येईल.

मोरचूद विषारी आहे. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी व चमचे वापरू नयेत आणि प्रयोगाच्या जागी खाद्यपदार्थ ठेवू नयेत.

पहिली वाट : तापमापक

मोरचूद अडीच ग्रॅम मोजून ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. या अडीच ग्रॅमचा अर्थ मोलच्या भाषेत शंभरांश मोल असा होतो, कारण स्फटिकातील पाणी धरून मोरचुदाच्या एका मोलचे वजन सुमारे २५० ग्रॅम भरते. विरघळताना द्रावण अर्ध्या अंशाच्या आसपास गार होते, म्हणून ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे. भांडे असे हवे की जे स्वतः फारशी उष्णता शोषणार नाही. पूर्वी यासाठी थर्मोकोलचा पेला वापरत. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे, तेव्हा कागदाचे दोन कप एकात एक बसवून वर पुठ्ठ्याचे झाकण ठेवावे आणि झाकणाला तापमापकापुरते भोक पाडावे. स्टीलचा पेला मुळीच घेऊ नये, कारण त्यातून उष्णता भराभर बाहेर निघून जाते.

जस्ताची भुकटी दोन ग्रॅम घ्यावी. हिशेबाने ०.६५ ग्रॅम पुरेशी असते, पण जास्त घेतल्याने सगळे मोरचूद संपण्याची खात्री होते. येथे पट्टी चालत नाही. पट्टीच्या पृष्ठभागावर तांब्याचा थर बसून अभिक्रिया मंदावते आणि तापमान वाढण्याआधीच उष्णता निसटते.

आता घड्याळ लावून दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवावे. पहिली तीन मिनिटे काहीही न करता केवळ नोंदी घ्याव्यात. चौथ्या मिनिटाला भुकटी टाकून काचेच्या कांडीने सतत ढवळावे आणि दहाव्या मिनिटापर्यंत नोंदी चालू ठेवाव्यात. तापमान चढते, शिखर गाठते आणि हळूहळू उतरू लागते. या शिखराचा आकडा थेट उचलणे ही नेहमीची चूक आहे. तापमान चढत असतानाच कपातून उष्णता गळत असते, त्यामुळे दिसणारे शिखर खऱ्यापेक्षा बुटके असते. आलेख कागदावर नोंदी मांडून उतरत्या भागाची सरळ रेषा मागे चौथ्या मिनिटापर्यंत वाढवावी आणि तेथे ती जो आकडा दाखवील तो शिखर म्हणून धरावा. ही दोन मिनिटांची कसरत आहे, पण चांगल्या आणि वाईट मापनातला फरक बहुधा इथेच पडतो.

समजा, तापमानातील वाढ १० अंश आली. एक मिलिलिटर पाणी एक अंशाने तापण्यास ४.१८ ज्यूल लागतात आणि द्रावण विरल असल्याने त्यालाही हाच आकडा लावण्यास हरकत नाही. म्हणजे ५० गुणिले ४.१८ गुणिले १०, अर्थात २०९० ज्यूल. ही ऊर्जा शंभरांश मोलची झाली. पूर्ण मोलमागे ती २०९ किलोज्यूल होते. संदर्भ तक्त्यांनुसार या अभिक्रियेचे मूल्य सुमारे २१९ किलोज्यूल आहे, म्हणजे तापमानवाढ साडेदहा अंशांच्या जवळपास यायला हवी. कागदी कपात नऊ-दहा अंश आले तरी प्रयोग नीट झाला असे समजावे. सात अंश आले, तर भुकटी जुनी होऊन तिच्यावर ऑक्साईडचा थर चढलेला असण्याची किंवा ढवळण्यात कसूर झाली असण्याची शक्यता मोठी.

दुसरी वाट : तार

कपात घडले ते असे, की जस्ताच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन सोडले आणि ते शेजारच्याच तांब्याच्या आयनाने, म्हणजे विद्युतभारित अणूने, घेतले. देवाणघेवाण जागच्या जागी झाल्यामुळे सुटलेली ऊर्जा रेणूंच्या धावपळीत, म्हणजेच उष्णतेत, विरून गेली. जस्त आणि तांब्याचे आयन यांना एकमेकांना शिवू दिले नाही, तर इलेक्ट्रॉनांना जाण्यासाठी बाहेरची तार हाच एक रस्ता उरतो, आणि त्या रस्त्यात दिवा किंवा मोटार ठेवून त्यांच्याकडून काम करून घेता येते. विद्युत घट म्हणजे मुळात एवढेच आहे.

अडचण अशी, की दोन्ही द्रावणे पूर्णपणे वेगळी ठेवली तर परिपथ पुरा होत नाही. जस्ताकडे धन आयन साचत जातात, तांब्याकडे ऋण सल्फेट आयन उरतात आणि प्रवाह क्षणात थांबतो. म्हणून द्रावणे मिसळू न देणारी, पण आयनांना झिरपू देणारी भिंत हवी. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ मध्ये ही भिंत म्हणून प्रथम बैलाची अन्ननलिका वापरली. पुढे तिची जागा झिलई नसलेल्या मातीच्या भांड्याने घेतली. आपल्याकडे असे भांडे दर जानेवारीत बाजारात येते. ज्या गुणामुळे माठातले पाणी गार राहते त्याच गुणामुळे, म्हणजे भिंतीतील सूक्ष्म छिद्रांमुळे, सुगड या कामाला चपखल बसते.

सुगड तासभर झिंक सल्फेटच्या द्रावणात बुडवून भिजवावे, म्हणजे छिद्रे भरतील. नंतर १०० मिलिलिटर पाण्यात ५.८ ग्रॅम झिंक सल्फेट विरघळवून ते सुगडात ओतावे आणि त्यात घासून स्वच्छ केलेली जस्ताची पट्टी उभी करावी. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत २०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद विरघळवून घ्यावे, तांब्याची तार वेटोळे करून बरणीच्या कडेने बसवावी आणि मधोमध सुगड ठेवावे. बाहेरचे द्रावण सुगडाच्या काठाच्या बरेच खाली राहिले पाहिजे. मोरचुदाचा एखादा थेंबही आत गेला, तर जस्तावर काळपट थर दिसू लागतो. त्याचा अर्थ अभिक्रिया पुन्हा कपातल्यासारखी जागच्या जागी होऊ लागली आहे. तसे झाल्यास पट्टी काढून घासावी आणि आतले द्रावण बदलावे.

मल्टिमीटर २० व्होल्टच्या मापावर ठेवून काळी पिन जस्ताला आणि तांबडी पिन तांब्याला लावावी. आकडा १.०५ ते १.१० व्होल्टच्या दरम्यान येतो. तो पाऊण व्होल्टच्या खाली असेल तर संपर्कावरील मळ किंवा पुरेसे न भिजलेले सुगड हे कारण असते. आता मल्टिमीटर मिलीअँपिअरच्या मापावर आणून क्षणभर प्रवाह पाहावा. तो मोठा नसतो, कारण मातीची भिंत आयनांच्या वाटेत रोध निर्माण करते. एका घटावर दिवा लागत नाही. तांबड्या एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट लागतात. असे दोन घट एकसर जोडणीत जोडले की तो मंद पेटतो.

या १.१० व्होल्टला कमी लेखू नये, कारण कपातल्या उष्णतेशी ताडून पाहण्याचा आकडा त्यातच दडला आहे. एक मोल इलेक्ट्रॉन वाहून नेत असलेला विद्युतभार ९६,४८५ कुलोम असतो आणि जस्ताचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. तेव्हा २ गुणिले ९६,४८५ गुणिले १.१० केल्यास सुमारे २१२ किलोज्यूल येतात. तापमापकाच्या वाटेने प्रमाण मूल्य २१९ होते. एका बाजूला कागदी कप, दुसऱ्या बाजूला मातीचे सुगड, आणि तरीही आकडे सहा-सात किलोज्यूलच्या अंतरावर! हे अंतर मापनातील चुकीचे नव्हे. अभिक्रियेची ऊर्जा आणि तिच्यातून काढता येणारे विद्युत कार्य या दोन वेगळ्या राशी आहेत; येथे सुमारे सहा किलोज्यूलचा हिस्सा घट कितीही आदर्श असला तरी उष्णता म्हणूनच बाहेर पडतो. शिवाय घटातून जास्त प्रवाह ओढला की अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज उतरते आणि कामाचा आणखी वाटा उष्णतेत जातो. मोबाईल सलग वापरताना गरम होतो त्यामागील एक कारण हेच.

येथे दोन गोष्टी मध्येच सांगून टाकतो. पहिली म्हणजे, लिंबात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची तार खुपसून केलेल्या ‘लिंबाच्या बॅटरी’त ऊर्जा लिंबाची नसते. खिळ्यावरील जस्त झिजते आणि ऊर्जा तेथून येते. लिंबाचा रस केवळ आम्ल पुरवतो आणि तांबे तर नुसते उभे असते, कारण तेथे हायड्रोजन आयनांचे क्षपण होते, म्हणजे ते इलेक्ट्रॉन घेतात. त्या हायड्रोजनचे बुडबुडे तांब्याला चिकटून प्रवाह लवकर मंदावतो, आणि व्होल्टा यांच्या १८०० सालच्या घटातील नेमक्या याच दोषावर डॅनियल यांनी उपाय काढला होता. दुसरी गोष्ट नावांची. विद्युत अपघटनात (वीज सोडून पदार्थाचे विघटन करताना) ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणे, धनाग्रावर होते, हे पाठ केलेला विद्यार्थी डॅनियलच्या घटापाशी गोंधळतो, कारण येथे ऑक्सिडीकरण जस्तावर होते आणि जस्त तर ऋण टोक आहे. दोष विद्यार्थ्याचा नसून नावाचा आहे. म्हणून मी येथे सरळ ‘जस्ताची पट्टी’ आणि ‘तांब्याची तार’ असेच लिहिले आहे.

इंधन बाहेरून आले तर

सुगडातील घट जस्त संपेपर्यंत चालतो. टॉर्चचा सेलही तसाच. त्याचे इंधन त्याच्या पोटातच असते. इंधन घटात पोट रिकामे असते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेरून पुरवले जातात, त्यामुळे पुरवठा असेपर्यंत वीज मिळत राहते. एका पृष्ठभागावर हायड्रोजन आपले इलेक्ट्रॉन तारेत सोडतो, उरलेले धन आयन मधल्या पटलातून पलीकडे जातात आणि तेथे ऑक्सिजन व तारेतून फिरून आलेले इलेक्ट्रॉन यांच्याशी मिळून पाणी होते. ज्वलनाचा हिशेब तोच, ज्योत मात्र नाही. या कल्पनेचा पाया ख्रिश्चन शोनबाइन आणि विल्यम ग्रोव्ह यांनी १८३८-३९ च्या सुमारास घातला. ग्रोव्ह पेशाने वकील होते आणि पुढे न्यायाधीश झाले.

घरगुती रूपासाठी दोन पेन्सिली दोन्ही बाजूंनी टोकदार करून घ्याव्यात. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाईट असते, आणि तेच येथे हवे आहे. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून पुठ्ठ्याच्या झाकणातून दोन्ही पेन्सिलींची टोके पाण्यात, पण एकमेकांना न लागता, बुडवावीत. सोड्याऐवजी मीठ वापरू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. वरच्या टोकांना ९ व्होल्टची बॅटरी एक-दोन मिनिटे जोडावी. दोन्हीकडे बुडबुडे येतात. ऋण टोकाकडे हायड्रोजन निघतो आणि तेथील बुडबुडे अधिक असतात, धन टोकाकडे ऑक्सिजन निघतो. खोली हवेशीर असावी, जवळ ज्योत नसावी आणि वायू बंद भांड्यात साठवू नयेत.

आता बॅटरी काढून त्याच टोकांना मल्टिमीटर लावावा. काही क्षणांपूर्वी वीज घेणारा पेला आता एक व्होल्टहून अधिक विभवांतर दाखवतो आणि ते हळूहळू उतरत जाते. हे व्होल्टेज ग्रॅफाईटला चिकटलेल्या वायूंमुळे आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे : टोके बाहेर काढून पुसावीत आणि पुन्हा बुडवावीत. आकडा कोसळतो. आणखी एक बारकावा नजरेतून सुटू देऊ नये. बॅटरीचे धन टोक ज्या पेन्सिलीला होते तीच पेन्सिल आताही धन आहे, परंतु बाहेरचा प्रवाह उलट्या दिशेने वाहतो. विद्युत अपघटन आणि इंधन घट या एकाच अभिक्रियेच्या जाण्यायेण्याच्या दिशा असल्याचे याहून स्वच्छ प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

या पेल्याने दिवा लावण्याची अपेक्षा मात्र करू नये. ग्रॅफाईटवर ही अभिक्रिया फार मंद चालते आणि चिकटलेला वायूही नगण्य असतो. खऱ्या इंधन घटात प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, लागतो, आणि घटाच्या किमतीचे ओझे बऱ्याच अंशी तेथूनच येते. हायड्रोजनच्या एका मोलच्या ज्वलनातून द्रवरूप पाणी होताना २८६ किलोज्यूल मिळतात, त्यांपैकी विजेच्या रूपाने जास्तीत जास्त २३७, म्हणजे ८३ टक्के, काढता येतात, आणि त्यावरून व्होल्टेज १.२३ येते. येथील अंतर ४९ किलोज्यूलचे आहे, जस्ताच्या घटापेक्षा कितीतरी मोठे, कारण मोकळे वायू नाहीसे होऊन त्यांच्या जागी द्रव पाणी होते. प्रत्यक्ष भार जोडल्यावर एक घट ०.६ ते ०.७ व्होल्टच देतो, म्हणून असे शेकडो घट एकावर एक रचावे लागतात. अशा रचनेवर चालणारी केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) यांनी विकसित केलेली बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सादर झाली, आणि अपोलो यानांतील अंतराळवीर तर इंधन घटात तयार झालेले पाणीच पीत असत. मात्र जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायूसारख्या जीवाश्म इंधनापासून काढला जातो. बसच्या नळीतून केवळ पाण्याची वाफ निघते हे खरे असले, तरी हायड्रोजन कुठून आला हा प्रश्न त्याबरोबर विचारावाच लागतो.

प्रयोग आटोपल्यावर उरलेले मोरचूद विहिरीत, ओढ्यात किंवा माशांच्या टाकीजवळ ओतू नये. ते जलचरांना मारक आहे. सगळी निळी द्रावणे एकत्र करून त्यांत जस्ताची उरलेली भुकटी टाकून रंग पूर्ण जाईपर्यंत ठेवावीत, तळाचे तांबे गाळून वाळवावे आणि वरचे पाणी भरपूर पाण्याने विरल करून सांडपाण्यात सोडावे. तांब्याची तार धुऊन वाळवली की पुढच्या वेळी चालते. सुगडाच्या भिंतीत मात्र तांब्याचे क्षार मुरलेले असतात आणि धुऊन ते जात नाहीत, म्हणून त्यावर ‘प्रयोगासाठी’ असे ठळक लिहून ते वाणाच्या सुगडांपासून दूर ठेवावे.